भिंतीवरचा लांडगा

आमच्या सुदामच्या लांडग्याची गोष्ट तुम्हाला सांगितली नाही वाटतं. सुदाम चित्रकार, जनावरांशिवाय काही काढत नाही. कऱ्हाटीत एका भिंतीवर त्यानं पंधरा दिवस खपून लांडगा रंगवला. गावानं वाहवा केली, पण त्याला मत हवं होतं मेंढपाळ तात्यांचं. त्यांची हयात माळावर गेलेली.

तात्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं.

“आसा दिसतो व्हय लांडगा?”

“काय चुकलं, तात्या?”

“चुकलं काय न्हाय. पर त्यो आसा फोटू काढाय आल्यावानी उभा ऱ्हात न्हाय. सांजच्याला मेंढरं मोजली, की कळतं येऊन गेला.”

सुदामचा चेहरा पडला. “मग मी काढू तरी काय?”

“मेंढरं काढ,” तात्या म्हणाले. “आन् एक कमी काढ.”