गोगलगाईंचं कालवण

घानातल्या कुमासीच्या दवाखान्यात पोटुशी पोकुआ शेजारी बाळाला घेऊन बसलेल्या सासू-सुनेचं बोलणं कान देऊन ऐकत होती.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, डुफी?"

"आपल्या क्वाकूला डाउन सिंड्रोम आहे, आई. गर्भ राहण्याआधीच पेशीची विभागणी चुकली आणि एक गुणसूत्र जास्तीचं आलं. दोष कुणाचाच नाही. हृदय मात्र ठणठणीत आहे."

"म्हणजे पोटुशीनं गोगलगाई खाल्ल्या की पोराची जीभ बाहेर येते, ते खोटंच?"

"खोटंच! आणि मी चोरून खाल्ल्या म्हणून रडून रडून अर्धी झाले."

"चोरून कसल्या? तुझे डोहाळे बघवेनात, म्हणून पातेल्यात मीच मागे ठेवायचे. हा जन्मल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही."

"आई!"

"ऊठ आता. घरी जाऊन झणझणीत कालवण करते."

पोकुआला राहवेना. "मावशी, घर कुठं तुमचं?"