डाव्या दाराचा रंग

मी सीटवाली काकू, वय ५८ वर्षे, धंदा गाड्यांच्या सीट शिवणे, राहणार गॅरेज गल्ली, रंगाच्या दुकानामागे. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती गाड्यांना रंग देत. ते दोन वर्षांपूर्वी वारले.

आमच्याकडे गोल नाकाचा, पुढे दोन काचा असलेला जुना ट्रक होता. तीस वर्षांपूर्वी आम्ही तो भंगारातून आणून उभा केला. तसले ट्रक आता फारसे उरले नाहीत, त्यामुळे लोक बघायला येत, विकता का विचारत. मी विकला नाही. मागील वर्षी मी बहिणीकडे गेले असता तो शेडमधून चोरीस गेला. तक्रार तेव्हाच दिली आहे.

काल सकाळी अकराच्या सुमारास जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तोच ट्रक काळ्या रंगात उभा दिसला. शेजारी गाड्या जमवणारे एक शौकीन गृहस्थ पहिल्या नंबरचा करंडक घेऊन फोटो काढत होते. ट्रक माझा आहे असे मी सांगितले. त्यांनी हसून कागद दाखवले. मी ट्रकच्या पायरीवर बसले, ती पोलीस येईपर्यंत उठले नाही.

आज ठाण्याच्या आवारात ट्रक पाहिला. चॅसीवरचा नंबर घासून काढला आहे. सीटही बदलली आहे, त्यामुळे माझा एक टाकासुद्धा शिल्लक नाही. शौकिनांनी साहेबांना सांगितले की, आपण ट्रक पत्र्यापर्यंत खरवडून घेतला व मगच काळा रंग दिला, आत दुसरा रंग नाही.

त्यावर मी सांगितले की, माझे पती आळशी होते. नवा रंग देण्याआधी जुना खरवडायचा असतो. ते आपला ट्रक कधी खरवडत नसत, जुन्यावरच नव्या रंगाचा हात मारत. यावरून आमची आयुष्यभर भांडणे झाली. म्हणून कोणत्या रंगाखाली कोणता रंग आहे हे मला तोंडपाठ आहे. आधी माझे रंग कागदावर उतरवून घ्या, मग पॉलिशपेपर आणा, असे मी म्हणाले.

हवालदारांनी लिहून घेतले ते असे. काळ्याखाली हिरवा, तो मुलीने निवडला होता. त्याखाली पिवळा, गिऱ्हाइकाचा उरलेला, फुकटचा. त्याखाली आकाशी, मग लाल प्रायमर. फक्त डाव्या दारावर हिरव्याच्या वर मोतिया निघेल, उजव्यावर निघणार नाही. डावे दार माझ्या बसण्याच्या बाजूचे. शेवटच्या रंगाला पतींनी तिथून सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठले नाहीत.

हवालदारांनी पाणी लावून स्वतः घासले. उजव्या दारावर हिरवा, पिवळा, आकाशी, लाल याच क्रमाने निघाले. डाव्या दारावर काळ्याखाली आधी मोतिया निघाला. शौकिनांच्या रंगाऱ्यानेही खरवडले नव्हते. रंगारी इथून तिथून सारखेच. साहेब शौकिनांना म्हणाले, "आता तुम्ही बसा. तुमचा जबाब घ्यायचाय."

मला फार आनंद झाला व मी सगळ्यांदेखत रडले, हेही लिहावे. करंडक ट्रकला मिळालेला आहे, तो ट्रकबरोबर माझ्या घरी यावा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातील 'आळशी' हा शब्द खोडावा असे मी म्हटले. एकदा लिहिलेले खोडता येत नाही, असे हवालदार म्हणतात. मग राहू द्या, पण त्यापुढे लिहा की, त्या आळसानेच माझा ट्रक परत आणला. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.