आडवी गाडी आणि आईचा जवळा

शेजाऱ्याशी गोडीनं राहा म्हणता? ऐका मग. आमच्या चिंचणीत आळीच्या तोंडाशीच प्रदीपचं घर. तारापूरला कंपनीत आहे. नवी गाडी घेतली आणि रोज आळीच्या तोंडावरच आडवी लावायला लागला. माणूस अंग चोरून जाईल, रिक्षा काही आत शिरत नाही.

रविवारी दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. रिक्षा गाडीच्या पलीकडेच अडकली. मी प्रदीपचं दार बडवलं, तर आतून आवाज, “जेवतोय रे, हात खरकटे आहेत. थांब जरा.” कळा थांबतात का? शेवटी आईच्या खांद्यावर हात टाकून वहिनी कण्हत, थांबत रिक्षापर्यंत चालत गेली. नशीब, बाळ-बाळंतीण सुखरूप.

संध्याकाळी जाब विचारला, तर वर तोंड करून म्हणतो, “रस्ता सरकारी आहे. कुणीही वापरावा.”

माझे हात शिवशिवत होते. आईनं मला मागे ओढलं. “बरोबर बोलतोय तो,” म्हणाली. मी तिच्यावरही भडकलो.

सोमवारी ऊन वर आलं तसं आईनं आळीतल्या बायका गोळा केल्या. गाडीच्या पुढे-मागे जुनी जाळी अंथरली आणि टोपल्याच्या टोपल्या ओला जवळा, ती अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला.

प्रदीप डबा घेऊन बाहेर आला आणि किंचाळला, “काकू, उचला हे! मला कामावर जायचंय!”

“रस्ता सरकारी आहे ना रे?”

“अहो, पण मी जाऊ कसा?”

आईनं मान वर केली नाही. जवळा पसरतच म्हणाली, “चालत. आमची सून कळा सोसत गेली, तुला काय झालंय?”