लिंबाखालची भाकरी

तारीख मागायला घाम फुटतो म्हणता? मग माझं ऐका. बहात्तरच्या सुमारास संगमनेर कोर्टात मी नवा वकील होतो. सीनियर आलेच नव्हते, मला फक्त तारीख मागायची होती. पण न्यायाधीश वीस वर्षं खुर्चीवर बसलेले, टोमणा मारल्याशिवाय कुणाला तारीख देत नसत. मी बाकावरून सारखा उठत होतो, बसत होतो, तोच अर्ज पुन्हा वाचत होतो.

दावा दोन सख्ख्या भावांचा, शेताच्या बांधावरून. पुकारा झाला, पण साहेबांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. थोरल्याला म्हणाले, "मघाशी खिडकीतून पाहिलं. दोघं लिंबाखाली एकाच फडक्यातली भाकरी खात होता. भांडण मिटलं का?"

"न्हाई साहेब. गावात बोलनं बंद हाय. घरची मानसं नजर ठेवत्यात. हितं तारखेला येतो, तवाच काय ते बोलतो."

"आणि निकाल लागला तर?"

धाकट्यानं भाकरीचं रिकामं फडकं घडी करून थोरल्याच्या हातात दिलं.

साहेबांनी पेन उचललं. "पुढच्या सोमवारी या." मग माझ्याकडं वळले. "वकीलसाहेब, तुमचा अर्ज खिशातच ठेवा. त्यात एवढं चांगलं कारण नसणार."