पलंगाच्या भिंतीकडचा डाग

गालिचेवाला : म्हणजे वाटणीत पलंग तुमच्याकडे, कपाट तुमच्याकडे आणि गालिचा भावाकडे. मग डाग निघाला तर फायदा भावाचा. तुमच्या पदरात काय पडतं ताई?

ताई : बोलणं टळतं.

गालिचेवाला : एवढ्यासाठी सकाळपासून तीन फोन?

ताई : तुम्ही दादाला ओळखत नाही, काका. नाना, आमचे वडील, गेले तेव्हा चार माणसांत त्याने मला विचारलं, औषध नक्की पाजत होतीस ना? आता चार वाजता येईल, गालिचा उचलेल आणि त्यावरचा हा डाग बघेल. मग पुन्हा सुरू.

गालिचेवाला : कसला आहे?

ताई : चहाचा असेल. नाना अंथरुणातच चहा घ्यायचे.

गालिचेवाला : शंभरातली नव्वद माणसं मला चहाच सांगतात. शाई सांडली तरी चहा, दारू सांडली तरी चहा. असो. तुम्ही काही लावलंत का याला?

ताई : कपड्यांची पावडर घासली. काल.

गालिचेवाला : लोकरीच्या गालिच्याला? आणि गरम पाणी?

ताई : कोमट.

गालिचेवाला : नशीब. ब्लीच?

ताई : बाटली आणून ठेवली होती. मग तुमचा नंबर मिळाला.

गालिचेवाला : ती बाटली मोरीतच राहू दे. हे बघा, चहा-कॉफीला माझ्याकडे ही आंबट बाटली. दूध, रक्त, वरण असलं काही असेल तर ही दुसरी, तिला थंड पाणी लागतं आणि वेळ लागतो. तेलकट असेल तर तिसरी. डाग कसला ते चुकलं की डाग निघत नाही, मुरतो. आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून बघतो, रंग सुटतो का ते.

ताई : आईने घेतलेला गालिचा आहे. रंग जाऊ देऊ नका.

गालिचेवाला : नाही सुटला. पक्का रंग आहे. आता चहाची बाटली. पाच मिनिटं थांबू या.

ताई : थांबा. मला काही घाई नाही.

गालिचेवाला : चार वाजता भाऊ येणार आणि घाई नाही म्हणता.

ताई : काय करू? नाना गेल्यापासून घड्याळ बघितलं तरी काही वाटत नाही. आठला चहा, साडेआठला औषध, दहाला अंग पुसायचं. सात महिने. आता साडेआठ वाजतात आणि मी नुसती उभी असते.

गालिचेवाला : बसा जरा. हे बघा, फडकं कोरं आलं. कणभरसुद्धा उतरला नाही. ताई, चहा नाही हा.

ताई : मग वरण असेल.

गालिचेवाला : वरण वाळलं की खरखरीत लागतं. हे बोटाला चिकटतंय. वास गोडसर. आणि जागा बघा. चहाचं टेबल पलंगाच्या या बाजूला, डाग पलीकडे, भिंतीच्या फटीत. सांडलं की शिंतोडे उडतात. इथे एकही नाही. गोल आहे, मध्ये काळपट, कडेला वर्तुळात वर्तुळ. हा एका दिवसाचा नाही.

ताई : म्हणजे?

गालिचेवाला : म्हणजे कोणीतरी थोडं थोडं, हळूच, रोज त्याच जागी ओतलंय. तुमच्या वडिलांना औषध कसलं होतं?

ताई : रक्त वाढायचं. लोहाचं. पातळ, तपकिरी, दोन झाकणं एका पेल्यात. दात काळे पडतात म्हणून चूळ भरायला पाणी द्यायचे मी.

गालिचेवाला : ते प्यायचे तेव्हा तुम्ही कुठे असायचात?

ताई : खिडकीशी. पडदा सारत. औषध घेताना कोणी बघितलेलं नानांना आवडायचं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, तू तिकडे बघ, मी घेतो. मी तिकडे बघायचे. वळले की पेला रिकामा.

गालिचेवाला : रोज?

ताई : रोज. मी शाबास म्हणायचे. लहान मुलाला म्हणतात तसं.

गालिचेवाला : माझ्याकडे एक चौथी बाटली आहे. गंज काढायची. ही फक्त लोखंडाशी बोलते, चहाबिहाला ओळखतसुद्धा नाही. कडेला एक थेंब टाकतो. तुम्ही मागे सरका, कातडीला लागली तर वाईट.

ताई : गेलं तिथलं.

गालिचेवाला : गेलं. बघता बघता.

ताई : डॉक्टर दर महिन्याला रिपोर्ट बघून मान हलवायचे. औषध बदललं, डोस वाढवला, रक्त जिथल्या तिथे. दादा हेच विचारत होता. बाटल्या संपत होत्या तर औषध जात कुठे होतं?

गालिचेवाला : मग दाखवा त्याला. मी इथेच थांबतो. एक थेंब त्याच्या देखत टाकतो, आणखी काही बोलावं लागणार नाही. तुम्ही ओतून दिलंत, त्यांनी घेतलं नाही. तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

ताई : दादाचा रोज रात्री फोन यायचा. नाना सांगायचे, सगळं औषध घेतो, ताई एक दिवस चुकवत नाही. दादा मला नाही विचारायचा, त्यांनाच विचारायचा. त्यांच्यावर विश्वास होता त्याचा.

गालिचेवाला : आणि तुमच्यावर नाही.

ताई : माझ्यावर कशाला असेल?

गालिचेवाला : ताई, मी धंद्याचा माणूस, मला डाग काढायचे पैसे मिळतात, ठेवायचे नाहीत. तरी सांगतो. हा एकदा निघाला की पुन्हा कुणाला दाखवता येणार नाही. माझी बाटली माघारी फिरत नाही.

ताई : तोंड कडू व्हायचं त्यांचं. एकदा म्हणाले होते, खिळा चोखल्यासारखं लागतं. मी म्हटलं, माझ्यासाठी घ्या. त्यानंतर एकदाही नको म्हणाले नाहीत. मला बरं वाटलं होतं.

गालिचेवाला : मग काय करू?

ताई : काढा.

गालिचेवाला : सगळा?

ताई : सगळा. खिडकी मी उघडते.

(अर्ध्या तासाने. दारात पावलं वाजतात.)

दादा : गुंडाळून ठेवलास? बरं झालं. गाडी खाली उभी आहे. हे कोण?

ताई : गालिचा धुणारे. एक डाग होता.

दादा : कसला?

गालिचेवाला : चहाचा.

दादा : चहाचा. म्हणजे चहासुद्धा धड हातात देत नव्हतीस. औषधाचं मग विचारायलाच नको.

गालिचेवाला : साहेब, एक सांगू का...

ताई : काका, ती चौथी बाटली राहिली बघा खिडकीत. दादा, तिकडचं टोक धर. आतून ओलं आहे, जपून.

दादा : राहू दे, मी एकटा नेतो. तू धरलंस की काहीतरी सांडतंच.

ताई : पायऱ्या सांभाळ.

गालिचेवाला : गेला. वीस वर्षं गिऱ्हाइकांचा चहा ऐकत आलो, आज पहिल्यांदा मी स्वतः चहा म्हणालो. आणि उपयोग काय झाला ताई? तुम्ही म्हणालात, डाग निघाला की बोलणं टळेल. टळलं कुठे?

ताई : टळलं ना. नानांना बोलला असता, ते मला बोलला.