काशीला सोडलेलं कारलं

...न्हाई, तुमीच सांगा, सून आपल्या हातानं सासऱ्याम्होरं स्ट्रॉबेरीचा डबा धरती का? तोबी न मागता, तोबी हसून? मला तवाच वास आला! मनाशी म्हनलं, आप्पासाहेब, घरात कायतरी शिजतंय.

तुमाला सांगतो, दोन वर्सांमागं आमच्या राहाता गावातनं आमी नवराबायको काशीला गेल्तो. तिथं रीत हाय, गंगेत हुभं ऱ्हायचं, एक फळ अन् एक भाजी जन्मभरासाठी सोडायची. आता आवडीचं सोडावं म्हनत्यात... पर रानात आपला दीड एकर चिकू, अन् बटाट्याबिगर घास उतरत न्हाई, मंग? डोळे मिटले, फळात सोडली स्ट्रॉबेरी अन् भाजीत कारलं! दोन्ही मला जन्मात आवडलं न्हाई. बाजूला मालनबाई, आमची मंडळी, गुडघाभर पान्यात, अशी बघत हुती माझ्याकडं... अशी! पर बोलली न्हाई. मालनबाई, अन् दोन वर्सं गप? मला तवाच वास आला!

तर परवा ही सूनबाई, रुपाली, कालेजात झाडंपानं शिकवती, म्हनती, "मामा, घ्या ना." म्हनलं, "पोरी, सोडलीया मी. गंगामाई साक्षी हाय." तर म्हनती, "अहो, पण हे फळच नाही! फुलातल्या अंडाशयापासून बनतं ते फळ. हे लाल म्हणजे देठाचं टोक फुगलेलं. आभासी फळ म्हणतात ह्याला. खरी फळं म्हणजे हे वरचे बारीक दाणे!"

आता देठ फुगलं, त्यात माझं सोडनं खोटं?

म्हनलं, जाऊ दे, कारलं तरी हाय सोडल्यालं! तर ही खुदकन हसली. "कारलं तर फळ आहे, मामा! आत बिया असतात ना? वांगं, भेंडी, काकडी, सगळी फळंच." मी लगीच झडप घातली, "मंग झालं की! फळ म्हनून कारलं सोडल्यालं धरा!" तवर दाराआडनं मालनबाई, "अवो, कारलं भाजी म्हनून सोडलं, ती भाजी न्हाई. स्ट्रॉबेरी फळ म्हनून, ते फळ न्हाई. मंग सोडलं काय तुमी? गंगामाईला फसिवलं! आता पुन्यांदा सोडा, अन् अस्सल सोडा." अन् हातात गंगाजळाचा तांब्या! भरून तयार! मला तवाच वास आला!

"अस्सल फळ कंचं गं, रुपाली?"

"चिकू, आत्या." एका दमात!

"अन् अस्सल भाजी?"

"बटाटा. ते खोड असतं, फळ नव्हे."

हातानं लावल्याली झाडं ती हो... पर गंगामाईचं नाव, न्हाई कसं म्हनू? सोडलं. पानी सोडलं तळहातावरनं.

मंग दिसला रुपालीच्या पुस्तकाखाली कागद. डाक्टरचा! मागल्या हप्त्यात माझं रगात तपासलं हुतं, मालनबाई म्हनली हुती, "काय न्हाई, बारीकशी शुगर." कागदावर काय? चिकू बंद. बटाटा बंद. कारलं, स्ट्रॉबेरी चालेल!

वरडलोच मी. तर मालनबाईचे डोळे भरले. "डाक्टरचं तुमी ऐकलं नसतं. म्हनलं, गंगामाईला तरी भ्याल... मला एकटीला ऱ्हायाचं न्हाई." मलाबी भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सांच्याला ताट आलं. कारल्याची भाजी, अन् वाटीत स्ट्रॉबेरी. काशीला खपिवल्याला माल गंगामाईनं दोन वर्सांनी परत धाडला हो... काय करता? घेतला उतरवून.