वरच्या पाच नगांवरून पास केलेलं गाणं

…न्हाई, पण मला सांगा, माणसानं किती ऐकून घ्यायचं? सकाळपासनं ही चौथी रिक्षा गेली दारावरनं. भोंगा आमचा, रिक्षा आमची, उमेदवार आमच्याच घरातली, आणि हसतंय कुणाला सगळं गाव? मला. बसा, बसा. तुमीबी गाण्याचंच विचारायला आला असणार, सगळे त्याच्यासाठीच येत्यात. म्हणून आधीच सांगून टाकतो. ते गाणं पास कुणी केलं? मीच केलं.

पहिल्यापासनं सांगतो, राव. आठ वर्षं मी ह्या वॉर्डात तयारी केली. कुणाचा दहावा सोडला न्हाई, कुणाचं बारसं सोडलं न्हाई, ज्यांची मला नावं ठाऊक न्हाईत त्यांच्या लग्नात मी नवऱ्यामुलाच्या खांद्यावर हात टाकून उभा. दर वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, गॉगल लावून, 'भावी नगरसेवक रणजीतभाऊ'. आणि आरक्षणाची सोडत निघाली तर काय? वॉर्ड महिला राखीव! आठ वर्षं एका चिठ्ठीत गेली, तुमाला सांगतो, घरी येऊन मी दोन दिवस जेवलो न्हाई… म्हणजे एक दिवस. दुसऱ्या दिवशी मटण व्हतं.

मग काय करायचं? सगळे करत्यात तेच. बायकोला म्हणलं, पूनम, आता तूच उभी ऱ्हा. ती ओट्यापाशी कणीक मळत व्हती. मान वर न करता म्हणली, "मी सकाळपासून उभीच आहे." तिथंच मी सावध व्हायला पाहिजे व्हतं, पण आपल्याला कुठं एवढं कळतंय? फ्लेक्स छापला. माझा फोटो कमरेपासनं वर, पुरुषभर उंच, आणि तिचा पासपोर्टवाला, खालच्या कोपऱ्यात, डोक्यावर पदर. आता सगळेच असा छापत्यात, मी काय वेगळं केलं?

आता प्रचाराला गाणं पाहिजे. माझी धाकटी बहीण तेजस्विनी, हितंच आयटी पार्कात नोकरीला, लग्नाचा विषय काढला की हेडफोन घालून बसती, तिला गाणी करायचा लई नाद. म्हणलं, तेजू, एक गाणं दे करून. ठेका जोरात पाहिजे आणि माझं नाव आलं पाहिजे. एकदा न्हाई, सारखं आलं पाहिजे. ती काय म्हणावी? "दादा, काळजी करू नकोस. कडव्याकडव्यात येईल." मी म्हणलं, व्वा, बहीण असावी तर अशी.

आता हितं माझी चूक झाली. मी तळवड्यात एका बारक्या कंपनीत क्वालिटीला हाय. आमची एक पद्धत हाय, कुठं बोलू नका. महिनाअखेर असती, टेम्पो दारात उभा असतो, चाकणच्या मोठ्या कंपनीतनं फोनवर फोन, माल कुठाय, माल कुठाय! अशात हजार नगांची पेटी कोण तपासत बसतंय? वरचे पाच नग काढायचे, मापाचं गेज लावायचं, बसलं की पेटीवर ठप्पा, ओके. खाली काय निघंल ते उघडणाऱ्याच्या नशिबात. त्या दिवशी नेमकी महिनाअखेर, टेम्पो दारात, आणि मोबाईलवर तेजूचं गाणं आलं. लावलं…

आली आली पूनमताई, वॉर्डात आमच्या नवी नवलाई,
संगं रणजीतभाऊ हाय, आता मागं फिरणं नाय!

ठेका, ओके. नाव, ओके. पंधरा सेकंद ऐकलं आणि अंगठा पाठवून दिला. पास. कुणी केलं? मीच.

दुसऱ्या दिवशी चौकात चहा घेत उभा हाय, दोन-चार माणसं जमलेली, आपला रिक्षावाला सिद्धेश प्रचाराची पहिली रिक्षा घेऊन आला. पहिलं कडवं वाजलं, मी कॉलर नीट केली. आणि मग दुसरं कडवं…

भाऊ झोपला नवापतोर, दमलाय बिचारा!
ताई टेकली घटकाभर, बघा हिचा तोरा!
भाऊ घरी आला उशिरा, कामं त्याला फार!
ताई आली साडेसातला, सतरा प्रश्नांचा मार!
त्याला चालतं, मला का न्हाई? सांगा की वो, सांगा की आई!

मी चहाचा गलास खाली ठेवला. चहावाला टपरीमागं तोंड लपवून हसतोय. पलीकडं कंपनीच्या बसची वाट बघत पंचवीस-तीस पोरी उभ्या, डबे हातात, त्यांनी दुसऱ्याच फेरीला गाणं उचललं. तिसऱ्या फेरीला त्या पुढं आणि भोंगा मागं. मी सिद्धेशला फोन केला, आधी बंद कर ते. तर म्हणतो कसा, "भाऊ, बंद केलं तर बाया रिक्षा पुढं जाऊ देत न्हाईत. मघापासनं तीनदा चावी काढून घेतलीय."

बरं, दारोदार फिरायचं तर तीच गत. अंबुबाई म्हणून एक म्हातारी हाय, पार पलीकडच्या वस्तीत. मी वाकून नमस्कार केला. तिनं चष्मा लावला, मला खालनं वर बघितलं आणि विचारलं, "नवाला उठतो त्यो तूच का रं?" काय सांगू? म्हणलं, व्हय, आजी. म्हणली, "मग एवढ्या सकाळी कसा काय आलास?"

घरी येऊन तेजूवर ओरडलो. ती शांत. "दादा, तू म्हणालास नाव सारखं पाहिजे. आलंय ना सारखं?" मग म्हणलं, आईच सांगंल हिला. आमची आई, शालनबाई, जुन्या वळणाची, उंबऱ्यात बसून मेथी निवडत व्हती. म्हणलं, आई, गाण्यात तुलाबी ओढलंय ह्या पोरीनं, तूच बोल काय ते. आईनं हातातली जुडी खाली ठेवली.

"चाळीस वर्षं सगळ्यांच्या आदी उठले, रणजीत. तरी उशीर झाला म्हणून ऐकूनच घेतलं. आमच्या वक्ताला कुणी असलं गाणं केलं न्हाई. केलं असतं तर मीबी म्हणलं असतं."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. माझी आई किती वाजता उठती हे मला ठाऊकच न्हाई, मी उठतो तवा ती उठलेलीच असती.

पण अब्रूचा प्रश्न हाय, राव! शेवटी पूनमकडं गेलो. म्हणलं, तू उमेदवार, तुझं ऐकत्यात, तू सांग, गाणं परत घे. माल खराब निघाला तर परत पाठवायचा असतो. ती नवा फ्लेक्स बघत बसली व्हती. तिचा फोटो कमरेपासनं वर. माझा पासपोर्टवाला… व्हय, कोपऱ्यात.

म्हणली, "नीट तपासलं का नाहीत?" सांगितलं तिला सगळं, पेटीचं, वरच्या पाच नगांचं. तिनं निवांत ऐकून घेतलं. मग म्हणली, "अहो, माझे बाबा राजगुरुनगरहून तुम्हाला बघायला आले होते, किती वेळ बसले होते?"

म्हणलं, चहा पिऊन होईस्तोवर.

"म्हणजे त्यांनीसुद्धा वरचे पाच नगच बघितले. पंधरा वर्षं झाली पेटी उघडून. मी परत पाठवली का?"

…

तवापासनं गाणं चालूच हाय. आली बघा रिक्षा, पाचवी. थांबा जरा, मला दारात जायला लागंल. 'भाऊ झोपला' आलं की पब्लिक आमच्या दाराकडं बघतंय, मी हात वर केल्याशिवाय रिक्षा पुढं जाऊ देत न्हाईत. काय करणार, पास कुणी केलंय?